वल्ह्याच्या कोरड्या मुठीबद्दल

दादा, सप्रेम नमस्कार.

घरी येऊन चार दिवस झाले, तरी तुमच्या होडीतून आईने आणि मी पक्षी बघितले ती सकाळ आठवली की गळा दाटून येतो. म्हणून हे लिहूनच टाकते. तुमचं नाव घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, एवढं त्या दोन तासांत कळलंय.

आईला ऐकू कमी येतं हे मी तुम्हाला बिचकतच सांगितलं होतं, कारण त्याआधी दोनदा हात पोळले होते. एकदा इंजिनाच्या बोटीत बसलो, तर बोटवाल्याने "थांबा, उडवतो, फोटो छान येईल" म्हणत बोट सरळ बदकांच्या थव्यात घातली. साधारण ३०० ग्रॅमचं चक्रांग बदक, हजारो किलोमीटर उडून दमून पाण्यावर टेकलेलं, त्याला एका फोटोसाठी पुन्हा उडवायचं! आईने डोळेच मिटून घेतले. दुसऱ्यांदा एका गटाबरोबर गेलो. तिथल्या म्होरक्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "आजींना काठावरच बसू द्या. त्यांच्याशी ओरडून बोलावं लागतं, पक्षी उडून जातात." आईला शब्द ऐकू आले नाहीत, पण चेहरे तिला आपल्यापेक्षा चांगले वाचता येतात. ती आपणहून काठावर जाऊन बसली. तीन तास.

तुम्ही नुसती मान डोलावलीत आणि जागा ठरवल्यात. मी पुढे, आई मध्ये, तुम्ही मागे. वाऱ्याने कानातलं यंत्र घोंघावतं म्हणून आईने ते काढून डबीत ठेवलं. आता तिला काहीच ऐकू येणार नव्हतं आणि ओरडायची सोय नव्हती. शरदातल्या पहाटे पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे आवाज वर विरून न जाता पाण्यावरून लांबवर पोचतो. होडीच्या काठाला वल्हं टेकलं तरी पलीकडच्या लव्हाळ्यातला बगळा मान वर करतो. तुमचं वल्हं एकदाही टेकलं नाही. ते पाण्याबाहेरही फारसं आलं नाही. पातं आडवं करून तुम्ही ते पाण्यातल्या पाण्यात पुढे आणत होतात.

थोड्या वेळाने मी मागे वळून पाहिलं. तुम्ही वल्हं उलटं धरलं होतं आणि त्याच्या मुठीने आईच्या डाव्या खांद्याला हलकेच स्पर्श करत होतात. आईने डावीकडे पाहिलं. हवेत एकाच जागी पंख फडफडवत कवड्या खंड्या थांबला होता, आणि बघता बघता दगडासारखा पाण्यात कोसळला. मग उजवा खांदा: ओले पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा. मग पाठीच्या मधोमध, म्हणजे समोर. तुम्ही आईला काही समजावलं नव्हतं, तरी तिसऱ्या स्पर्शाला तिला ती खूण पाठ झाली होती.

समोर पाणमांजर होतं. आधी फक्त डोकं दिसलं. नाक, डोळे, कान सगळे वरच्या बाजूला, त्यामुळे बाकीचं अंग पाण्याखालीच, आणि मागे पाणी दुभंगत जाणारी रेघ. ते खडकावर चढलं, पुढच्या पंजांत मासा घट्ट धरून डोक्याकडून खायला लागलं. तो कुरुम कुरुम आवाज मला येत होता, आईला नाही. पण पाहिलं तिने माझ्याआधी. किती वर्षं झाली, प्रत्येक गोष्ट तिला माझ्याकडून, उशिरा कळते. त्या दिवशी तिनेच तिकडे बोट करून मला दाखवलं, दादा!

उतरलो तेव्हा तुमची पॅंट एका मांडीवर चिंब भिजलेली दिसली आणि मग माझ्या लक्षात आलं. कोरडी मूठ आईच्या खांद्याला लागावी म्हणून दर वेळी ओलं, निथळतं पातं तुम्ही स्वतःच्या मांडीवर घेत होतात. मी काही बोलणार तोच "वाळेल उन्हात" म्हणालात आणि होडी बांधायला वळलात.

मदत करणारे तसे बरेच भेटतात. पण "आजींना सांभाळा, आजींना हात द्या" असा गलबला होतो, चार जण वळून बघतात, आणि आई आणखीच अंग चोरून घेते. तुम्ही तिला फक्त पक्षी दाखवलेत, जसे कुणालाही दाखवाल तसे. असं वागणारी माणसं अजून आहेत, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. मी दोन वर्षं आईला घराबाहेर न्यायचं टाळलं.

आता घरात मीही तिला हाका मारत नाही. खांद्याला हात लावते.

त्या सकाळी पाणी फार गार होतं का, हे तुम्हाला विचारायला आईने मुद्दाम सांगितलंय.

तुमची,
मध्ये बसलेल्या आजींची मुलगी