अ‍ॅसिडिटी डब्यावरची आणि पोटातली

संपादक महोदय,

आपल्याकडे ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणजे पित्त. कॉफीच्या डब्यावर छापलेली ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणजे चवीतला आंबटपणा. दोन्हींना शब्द एकच, त्यामुळे ‘लो अ‍ॅसिड’ कॉफी घेतली की जळजळ थांबेल असे लोकांना वाटते. तसे होईलच असे नाही.

काळ्या कॉफीचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण ५, तर जठररसाचा १.५ ते २. तिथे कॉफीतल्या आम्लाची काय मातब्बरी? त्रास होतो तो कॉफी जठराला जास्त आम्ल सोडायला लावते म्हणून. शिवाय काहींच्या अन्ननलिकेच्या खालची झडप तिने सैल पडते आणि आंबट पाणी घशाशी येते. कॅफीन काढलेली कॉफीही आम्ल वाढवते, म्हणून ती घेऊनही अनेकांचे पित्त जात नाही. कोल्ड ब्रूचेही (थंड पाण्यात बराच वेळ भिजवून केलेल्या कॉफीचेही) तेच: २०१८ मधल्या एका अभ्यासात गरम आणि थंड, दोन्ही कॉफींचा पीएच ४.८५ ते ५.१३ भरला. ज्यांना त्रास होतो त्यांनी उपाशीपोटी न घेता नाश्त्यानंतर लहान कप घ्यावा, आणि झोपण्याआधीचे तीन तास टाळावी.

दातांचे गणित वेगळे. दातावरचे कवच पीएच ५.५ च्या खाली झिजू लागते, म्हणजे काळी कॉफी जेमतेम सीमेपलीकडे. दुधाची कॉफी त्याहून सौम्य. तिथे खरी खलनायिका साखर. जंतू तिचे आम्ल करतात आणि ते शमवायला लाळेला अर्धा-पाऊण तास लागतो. पाच मिनिटांत संपवलेला कप परवडला. टेबलावर ठेवून दोन तास घोट-घोट घेतलेला नाही, कारण लाळेला उसंतच मिळत नाही. हिरड्या खाली सरकून दाताचे मूळ उघडे पडले असेल, तर ते पीएच साडेसहाच्या आसपासच विरघळू लागते.

कॉफी पिऊन लगेच ब्रश करणे ही सर्रास होणारी चूक. मऊ पडलेला थर त्याने खरवडला जातो. ब्रश आधीच करावा. नाहीतर पाण्याने चूळ भरून अर्धा तास थांबावे. पिवळट डागांवर लिंबू-मीठ तर मुळीच चोळू नये. लिंबाचा पीएच २ च्या घरात, वर मिठाचे खडे: डागाबरोबर कवचही जाते, आणि ते पुन्हा उगवत नाही.

– एक दंतवैद्य व एक आहारतज्ज्ञ, सातारा