लांडगा जॅकेटवरून शिव

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर तू घाईत होतीस आणि शिवणकाम असं फोनवर सांगून कळत पण नाही, म्हणून सगळं नीट लिहून पाठवतेय. सावकाश वाच, जमलं तर प्रिंट काढून मशीनच्या शेजारी ठेव.

पिल्लूला हॅलोविनला लांडगा व्हायचंय, तो पण साधासुधा नाही, लाल टोपीवाल्या मुलीच्या गोष्टीतला, आजीचे कपडे घालून पलंगावर झोपलेला लांडगा, हे ऐकून मला इतका आनंद झाला ना! आणि त्याच्या मते आजीचे कपडे म्हणजे माझा कॉटनचा गाऊन. बरोबरच आहे, त्याने आजीला घरात गाऊनमध्येच बघितलंय, गोष्टीतल्या आजीची झालरवाली टोपी त्याला कुठून माहीत असणार. तर तो निळ्या फुलांचा गाऊन, पुढे चेन असलेला, दिवाळीच्या फराळाच्या पार्सलात टाकलाय, चकलीच्या डब्याभोवती गुंडाळून. सोबत माझा मॉर्निंग वॉकचा स्कार्फ पण आहे.

आता कामाचं. पहिली गोष्ट म्हणजे हा ड्रेस मिनेसोटाच्या ऑक्टोबर अखेरीच्या थंडीसाठी शिवायचाय, तो घालून पोरं अंधारात दारोदार गोळ्या-चॉकलेट मागत फिरतात, हे डोक्यात पक्कं ठेव. माप घेताना त्याला जाड जॅकेट घालून, चेन लावून उभं कर आणि मगच टेप लाव. ते पाकिटातले तयार ड्रेस असतात ना पातळ पॉलिएस्टरचे, ते जॅकेटवर चढतच नाहीत, मग पोरं ड्रेस आत घालतात आणि वरून जॅकेट, आणि रस्त्यावर सगळी सारखीच दिसतात, कोण वाघ आणि कोण परी काही कळत नाही. दारात उभे असलेले आजी-आजोबा विचारतात, तू कोण रे बाळा, तेव्हा पोराचं तोंड एवढंसं होतं. मला ते बघवत नाही.

१९९१ चा हॅलोविन तुला आठवणार नाही फारसा, आपण तेव्हा तिथेच होतो पण तू बालवाडीत होतीस. ३१ ऑक्टोबरला बर्फ सुरू झाला तो थांबेना, तीन-चार दिवसांत मिनियापोलिसला २८.४ इंच पडला, अजूनही तिथले लोक त्याला हॅलोविन ब्लिझर्डच म्हणतात. तू लाल टोपीवाली झाली होतीस. शेजारच्या बाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की इथे हॅलोविनचे कपडे स्नोसूटच्या, म्हणजे बर्फातल्या त्या जाड अंगभर कपड्याच्या मापाने शिवतात, म्हणून तुझा केप मी स्नोसूट घालूनच बेतला होता आणि तो वरून मस्त बसला. सगळीकडे पांढरं आणि त्यात तू लालभडक, लांबून पण मला दिसत होतीस. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की हा ड्रेस चालण्यासाठी शिवायचा असतो, फोटो आपोआप चांगले येतात.

कापडाचं बघ. जोॲन फॅब्रिक्स तर २०२५ मध्ये कायमचं बंद झालं, मला खरंच वाईट वाटलं, तिथे पॅटर्नचे ड्रॉवर चाळत मी किती वेळ काढलाय. आता मायकल्स नाहीतर हॉबी लॉबीत जा. केसाळ कापड, ते खोटं फर, अर्धा यार्ड पुरतं कारण त्याचा पन्हा साधारण ६० इंची असतो आणि आपल्याला पूर्ण अंगाला फर लावायचंच नाहीये. अंगात गाऊन आहे ना! फर फक्त डोकं, हात आणि शेपटीला. लेबल बघून घे, मोडॅक्रिलिक लिहिलेलं असेल तर तेच घे, ते ॲक्रिलिकसारखं पटकन पेट घेत नाही. याबद्दल मी जास्त बोलतेय असं तुला वाटेल पण तिथे अमेरिकेत १९४० च्या दशकात केसाळ रेयॉनचे काउबॉय ड्रेस पेटून लहान मुलं भाजली होती, त्यानंतर १९५३ मध्ये ज्वलनशील कापडाचा कायदा आला. तेव्हा दुकानदार काहीही म्हणो, लेबल वाचायचंच.

फर कापताना कात्रीने सरळ कापू नकोस. कापड उलटं टाक, मागच्या बाजूला पेनाने आखून घे, आणि फक्त पाठीचं कापड ब्लेडने काप, केस कापायचे नाहीत. एका वेळी एकच थर, घडी घालून दोन तुकडे एकदम कापायचे नाहीत. आणि डावा-उजवा तुकडा आखताना कागद उलटा करायला विसरू नकोस नाहीतर दोन्ही डावेच निघतात. केसांची दिशा वरून खाली, कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवतो तशी. कापताना घरभर केस उडतात, तेव्हा गॅरेजमध्ये बस आणि व्हॅक्यूम जवळ ठेव. इस्त्री तर अजिबात लावू नकोस, वितळतं ते.

टीप मारायच्या आधी कडेचे केस बोटाने आत ढकल आणि टाचण्यांच्या ऐवजी कपड्यांचे चिमटे लाव, टाचण्या त्या केसात हरवतात आणि मग पोराला टोचतात. सुई १६ नंबरची, टाका लांब ठेव. शिवून झालं की सुलट करून शिवणीवरून जाडी सुई फिरवत अडकलेले केस हळूहळू बाहेर ओढ. हे काम कंटाळवाणं आहे, सिरीयल बघत बघत कर, पण याने शिवण दिसेनाशी होते, जोड कुठे आहे ते बोट लावूनच कळतं. माझ्या मते अख्ख्या ड्रेसची शान यातच आहे.

टोपीसाठी पॅटर्न विकत आणू नकोस. त्याच्या हुडीची टोपी अर्धी घडी घालून वर्तमानपत्रावर आख, आत लोकरीची टोपी असणार म्हणून चारी बाजूंनी इंचभर वाढव, वर शिवणीसाठी अर्धा इंच दाब सोड. आतून फ्लीसचं अस्तर, त्याच्या कडेचे धागे सुटत नाहीत आणि ऊब पण राहते. कान म्हणजे दोन त्रिकोण, मागे फर पुढे फ्लीस, मध्ये क्राफ्ट फोम घाल म्हणजे ताठ राहतील.

तोंडाचा मुखवटा नको. बऱ्याच शाळांत मुखवटा चालत नाही, आणि चालला तरी मला नको, अंधारात पायऱ्या चढताना त्याला खालचं काही दिसणार नाही आणि श्वासाने आतून सगळं ओलं होणार. त्यापेक्षा अशी युक्ती कर, जुन्या बेसबॉल कॅपचा पुढचा पत्रा, म्हणजे ते सावली देणारं जे असतं ते, कापून घे, त्यावर थोडा कापूस ठेवून फरने मढव आणि टोपीच्या पुढच्या काठाला हाताने पक्कं शिव. झालं लांडग्याचं नाक, कपाळावर! खालच्या कडेला पांढऱ्या फेल्टचे दात. म्हणजे लांडग्याच्या जबड्यातून आपलं पोर बाहेर बघतंय असं दिसेल आणि चेहरा सगळा मोकळा. स्कार्फ टोपीवरून कानांच्या मागून घे, पण गळ्याशी गाठ मारू नकोस, तिथे वेल्क्रो लाव, कुठे अडकलाच तर निघून आला पाहिजे.

हातमोजे पूर्ण फरचे नकोत, त्याला गोळ्या चॉकलेट उचलता आले पाहिजेत. हाताच्या वरच्या बाजूला फरचा पंजा आणि खाली इलास्टिकचे दोन पट्टे, नेहमीच्या मोज्यांवरून चढवायचा. शेपटी गाऊनला शिवू नकोस, वेगळ्या इलास्टिकच्या पट्ट्याला शिव, म्हणजे गाडीत कारसीटवर बसताना काढता येईल. लांबी गुडघ्याच्या मागपर्यंतच, त्याखाली गेली की मागचं पोर पाय देणार.

गाऊन मात्र कापू नकोस गं. कापावा लागेल असं तुला वाटेल पण गरज नाही. कमरेच्या जरा खाली आडवी मोठी टक घे, आतल्या बाजूने, हाताने धावदोरा घातला तरी चालेल, आणि खालचा काठ त्याच्या घोट्याच्या चार बोटं वर ठेव. पुढच्या वर्षी टक उसवून लांबी वाढवता येईल. बाह्या मनगटाशी इलास्टिक घालून आवळ, कारण गाऊन सुती आहे आणि दारात ठेवलेल्या कोरीव भोपळ्यात खऱ्या मेणबत्त्या लावणारे लोक अजून आहेत, सैल लोंबती बाही तिथे नकोच. त्याला पण सांग, भोपळ्याजवळ वाकायचं नाही. काठाला आतून-बाहेरून चकाकणारी पट्टी लाव, गाडीवाल्याला दिसते. गाऊनचा आणखी एक फायदा म्हणजे बाथरूमला जाताना वर उचलला की झालं, त्या एकसंध कपड्यात शाळेत पोरांचे फार हाल होतात.

सगळं शिवून झाल्यावर एकदा जॅकेट, बूट, सगळं घालून त्याला जिन्यावरून वर-खाली पळू दे. खाली बसू दे, उडी मारू दे. जिथे ओढतंय तिथे लगेच खडूने खूण कर.

आणि एक सांगते मनू, हे सगळं तू एकटीने रात्री तो झोपल्यावर करू नकोस. त्याला हाताशी घे. शेपटीत कापूस त्याला भरू दे, दात किती लावायचे आणि कसे, वाकडे का टोकदार, ते त्यालाच फेल्टवर आखू दे. मोठ्या नेढ्याची सुई आणि जाडा दोरा देऊन नाकावरचं काळं बटण त्याला शिवू दे, सहा वर्षांच्या पोराला जमतं ते, फक्त तू शेजारी बस. वेळ लागेल, टाके वेडेवाकडे येतील, ते तसेच ठेव, मागून नीट करू नकोस. आपल्याकडे फॅन्सी ड्रेसला बहुतेक जण ड्रेस भाड्याने आणतात, दुसऱ्या दिवशी परत, मुलाचा त्यात हात कुठेच नसतो. मला तुझ्यासाठी तसं नको होतं आणि त्याच्यासाठी पण नको वाटतं. कोणी विचारलं की हे कुणी केलं, तर त्याला मी आणि आईने असं म्हणता आलं पाहिजे, आणि ते खरं असलं पाहिजे.

शाळेची चिठ्ठी नीट वाच, काही शाळा हॅलोविन न म्हणता नुसती फॉल पार्टी करतात आणि ड्रेस घालून पाठवू नका म्हणतात, तसं असलं तर त्याला आत्ताच सांगून ठेव, ऐनवेळी रडारड नको.

जॅकेट घालून खांद्यापासून घोट्यापर्यंतचं माप घेऊन मला व्हॉट्सॲपवर टाक, टक किती इंचाची घ्यायची ते मी काढून देते. जावईबापूंना नमस्कार, पिल्लूला खूप खूप पापे.

तुझी,
आई

ता.क. परवा खंडेनवमीला इथे माझ्या मशीनला हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला, तेव्हा तुझ्याकडच्या त्या जुन्या केनमोर मशीनची आठवण झाली. किती दिवस बंद आहे? फर लावायच्या आधी बॉबिनकेस काढून आतला सगळा कचरा ब्रशने झाड, तेलाचे थेंब सोड आणि आधी चिंधीवर टीप मारून बघ. चांगल्या कापडावर तेलाचा डाग पडला की जात नाही.