पिल्लं जिवंत आहेत, म्हणून नुकसान झालं नाही?

माननीय पर्यावरणमंत्री,

स. न. वि. वि.

विणीचा हंगाम संपेपर्यंत झाडांना हात लागणार नाही, असं लेखी आश्वासन तुमच्या खात्यानं मला दिलं होतं. परवा सकाळी करवती आल्या. बगळ्यांची घरटी असलेलं झाड तेवढं ठेवून भोवतालची नऊ झाडं आडवी केली. मी आडवा गेलो, तर अधिकारी म्हणाले, "पिल्लं जिवंत आहेत ना? मग नुकसान कसलं?"

नुकसान रक्तात होतं, साहेब. पक्षी घाबरला की मेंदूकडून मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथींना निरोप जातो आणि कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक स्रवू लागतं. हे इतकं झटपट होतं, की शांत असतानाची पातळी मोजायची तर पक्षी पकडल्यापासून साधारण ३ मिनिटांत रक्त घ्यावं लागतं. ससाणा येऊन जातो, तेव्हा हेच संप्रेरक जीव वाचवतं. करवत दिवसभर हटत नाही. ताण असा रेंगाळला की पिल्लाची वाढ खुंटते, प्रतिकारशक्ती ढासळते. वाढत्या पिसांतही हे संप्रेरक उतरतं. त्या दिवसांची नोंद पिल्लू अंगावर वागवतं.

इक्वेडोरच्या कुयाबेनो अभयारण्यात होॲट्झिन या पक्ष्याच्या पिल्लांना कुणी मारलं नव्हतं, फक्त पर्यटक बघायला येत होते. तिथल्या पिल्लांमध्ये ताणाची प्रतिक्रिया जास्त तीव्र निघाली आणि जगणारी पिल्लं कमी. हा अभ्यास २००४ चा आहे. आणि पातळी कमी दिसली म्हणून कुणी निश्चिंत होऊ नये. न्यू मेक्सिकोत वायूच्या कॉम्प्रेसरच्या सततच्या आवाजात राहणाऱ्या पक्ष्यांत नेहमीची पातळी उलट खाली गेलेली आढळली, आणि त्याच गोंगाटात ब्लूबर्ड पक्ष्याच्या कमी अंड्यांतून पिल्लं बाहेर आली.

मला दोन रात्री झोप नाही. पंखा लावला तरी करवत ऐकू येते. तीन वर्षं दर विणीत मी वही घेऊन त्या झाडाखाली बसलोय, तुमच्या कचेरीत पंधरा अर्ज दिलेत. प्रत्येक वेळी "पुरावा आणा". पुरावा झाडाखाली पडलेला असतो! विष्ठेतून या संप्रेरकाचे अवशेष मोजता येतात, पिल्लाला हातही लावावा लागत नाही. तुमच्या खात्यातलं कुणी एकदा तरी वाकलं का?

पण खात्याचं तरी काय घेऊन बसायचं! प्रेत असेल तरच पंचनामा होतो. कठडा बांधला जातो तो पोर विहिरीत पडल्यावर. माणूस कण्हत असेपर्यंत त्याची फाइल हलत नाही, मेला की भरपाई जाहीर होते. जिवंतपणी सोसलेलं लिहायला तुमच्या एकाही फॉर्मवर रकाना नाही.

पिल्लं उडेपर्यंत काम थांबवा. लेखी नको, लेखी माझ्याकडे आहे. प्रत्यक्ष थांबवा.

आज संध्याकाळी चार घरट्यांवर मोठे पक्षी परतले नव्हते. पिल्लं माना वर करून ओरडत होती. उजाडताच मी पुन्हा तिथं असेन.

आपला,
एक नागरिक