जखमेबरोबर जागाही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रस्त्यावरचे मृत्यू, वाढत्या हाणामाऱ्या आणि वादळातली जीवितहानी या तिन्हींवर मिळून आपण लिहिलेला अग्रलेख वाचला. तिन्ही विषय एकत्र घेतलेत हे बरे केलेत. सार्वजनिक आरोग्यशास्त्रातही त्यांचा अभ्यास इजाप्रतिबंध या एकाच शाखेत होतो. पण शेवटी ‘व्यापक जनजागृतीची नितांत गरज आहे’ हे वाक्य आलेच. तेवढ्यासाठी हे पत्र.

मी डॉक्टर नाही की संशोधक नाही. एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नोंदणीच्या खिडकीवर बसून मी नोकरी काढली. आलेल्या माणसाचा केसपेपर काढायचा: नाव, वय, पत्ता, सोबत कोण, कशाने लागले. पहिल्या चार गोष्टींना छापील फॉर्मवर ऐसपैस जागा होती. ‘कशाने’चा रकाना जेमतेम अंगठ्याएवढा. त्यात मावणार काय? ‘पडून’. ‘मार लागून’. ‘भाजून’. ‘आरटीए’, म्हणजे रस्त्यावरचा अपघात. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, असली की शिक्का नेमका त्याच कोपऱ्यात बसायचा आणि होते नव्हते ते अक्षरही त्याखाली जायचे.

पलंगावरून पडलेले वर्षाचे मूल, न्हाणीघरात घसरलेली आजी, परांचीवरून खाली आलेला गवंडी आणि कुणीतरी ढकललेली बाई, चौघेही त्या अंगठाभर जागेत एकसारखेच होतात. हाडांच्या डॉक्टरांचे त्यावाचून काही अडत नाही, मोडलेले मनगट मोडलेलेच असते. पण पाचवा माणूस पडू नये अशी इच्छा असेल तर सगळे तिथेच अडते. आजीसाठी भिंतीला दांडी हवी, गवंड्यासाठी पट्टा आणि कठडा हवा, आणि त्या बाईसाठी यातले काहीच उपयोगाचे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात (दहावी आवृत्ती) याची चोख व्यवस्था आहे. डब्ल्यू ०६ म्हणजे पलंगावरून पडणे, डब्ल्यू १० जिन्यावरून, डब्ल्यू १३ इमारतीवरून. पुढचा आकडा जागेचा: ० घर, २ शाळा, ४ रस्ता, ६ कारखाना किंवा बांधकाम. केसपेपरांवर हे क्रमांक टाकायला, म्हणजे कोडिंग, शिकले तेव्हा त्या पुस्तकाचे मला भलतेच कौतुक वाटले होते. माणसे किती तऱ्हांनी पडतात हे कुणीतरी बसून क्रमवार लावून ठेवले होते! मात्र कुणी काही विचारलेच नसेल तर एक्स ५९ लिहायचे, म्हणजे कारण अनिर्दिष्ट. हा कोड एकदा पडला की त्या केसपेपरातून प्रतिबंधासाठी काढण्यासारखे काही उरत नाही.

हा रकाना रुंद केल्याने काय होते ते वेल्समधल्या कार्डिफ शहराने दाखवले आहे. जोनाथन शेफर्ड हे तिथले तोंड-जबड्याचे सर्जन. मारहाणीत फुटलेले चेहरे दुरुस्त करताना त्यांच्या लक्षात आले की या रुग्णांपैकी पुष्कळांची पोलिसांकडे नोंदच नाही. माणूस टाके घालून घरी जातो, तक्रार करत नाही. मग तिथल्या नोंदणीच्या खिडकीवर मोजके प्रश्न वाढवले गेले: मारहाण कुठे झाली, केव्हा झाली, कशाने झाली. उत्तरांतून नाव-पत्ता गाळायचा आणि उरलेली माहिती पोलीस, पालिका आणि रुग्णालय यांच्या एकत्र बैठकीत ठेवायची. मग कोणत्या मद्यालयाबाहेर, कोणत्या वारी, कोणत्या तासाला डोकी फुटतात हे दिसू लागले आणि त्याप्रमाणे गस्त लावता आली.

२०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या कामाचा हिशेब प्रसिद्ध झाला. कार्डिफसारख्या १४ शहरांशी तुलना केली तेव्हा मारहाणीमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण तिथे ४२ टक्क्यांनी कमी निघाले. किरकोळ मारहाणीच्या पोलिसी नोंदी मात्र वाढल्या. उतावळ्या वाचकाला हे अपयश वाटेल. पण पोलीस आता आधीच पोहोचतात, भांडण धक्काबुक्कीवर असतानाच त्याची नोंद होते आणि ते बाटलीपर्यंत जात नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. मला तो पटतो. आणि हे प्रश्न विचारणारे कोण, तर खिडकीवरचे कर्मचारी. आमच्या जातकुळीचा उल्लेख शास्त्रीय नियतकालिकांत फारसा येत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

जनजागृतीबद्दल माझी तक्रार एवढीच, की तिने गुण आला की नाही हे तपासायला कुणी परत जात नाही. तपासले की धक्के बसतात. शाळेतच मुलांना वाहन चालवायला शिकवावे म्हणजे अपघात कमी होतील, ही कल्पना कुणालाही पटेल. कॉक्रेन या संस्थेने त्यावरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर अपघात कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट मुले परवाना लवकर काढतात आणि लवकर रस्त्यावर येतात, अशी शक्यता दिसली. ब्रिटनमध्ये मद्यालयांतले काचेचे पेले टणक केलेल्या काचेचे करावेत म्हणजे इजा कमी होतील, या कल्पनेचीही शेफर्ड यांच्या गटाने रीतसर चाचणी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही मद्यालयांना नवे पेले दिले, काहींना साधेच ठेवले. नव्या पेल्यांनी तिथल्या नोकरांना इजा जास्त झाल्या. प्रयोगशाळेत पाहिले तर ते पेले आघात सोसण्यात साध्यांपेक्षाही कमी भरले. म्हणजे कल्पना चांगली, माल वाईट. मोजले नसते तर सगळ्यांनी टाळ्या वाजवून तेच पेले विकत घेतले असते.

या शास्त्राची सुरुवातही ‘कुठे’ आणि ‘कशावर’ या प्रश्नांतूनच झाली. ह्यू डीहेवन हा अमेरिकन माणूस पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानाचे प्रशिक्षण घेताना अपघातातून वाचला. आपण का वाचलो, हा प्रश्न त्याने देवावर सोडला नाही. १९४२ साली त्याने ५० ते १५० फुटांवरून पडूनही जिवंत राहिलेल्या आठ जणांचा अभ्यास छापला. लोकांच्या लेखी तो चमत्कार होता. डीहेवनने काय मोजले? माणूस किती उंचीवरून आला, कशावर आदळला आणि ती माती किंवा तो पत्रा किती इंच दबला. त्या काही इंचांनी वेग हळू मारला म्हणून माणूस वाचला. पुढे मोटारीच्या आतल्या बाजू अंगावर येणार नाहीत अशा घडवायच्या, हा विचार याच मोजमापातून वाढला. विल्यम हॅडन या डॉक्टरने १९६०च्या दशकात त्याला शिस्त लावली: घटनेच्या आधी, घटनेच्या क्षणी आणि घटनेनंतर, आणि प्रत्येक टप्प्यावर माणूस, वस्तू आणि परिसर. माणसाचा स्वभाव हा त्या तक्त्यातला फक्त एक भाग आहे. अग्रलेखात मात्र तोच सगळी जागा खातो.

न्यूयॉर्कमध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला उंच इमारतींच्या खिडक्यांतून लहान मुले पडत होती. आरोग्य विभागाने रुग्णालये आणि पोलीस यांच्याकडून प्रत्येक पडण्याची खबर मागवली, त्या घरी माणसे पाठवली आणि खिडक्यांना लावायचे गज फुकट दिले. समजावणेही होते, पण समजावणारा गज घेऊन येत होता. ब्राँक्स भागात १९७३ ते १९७५ दरम्यान अशा घटना निम्म्यावर आल्या. १९७६ मध्ये शहराने लहान मुले असलेल्या घरांसाठी गज बसवून देणे घरमालकांवर बंधनकारक केले.

आपत्तीच्या बातम्यांत तर ‘कुठे’ हा प्रश्न हमखास गळतो. मृतांचा आकडा छापतात, मदतीचा आकडा छापतात. १९९१ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशात चक्रीवादळाने सुमारे १ लाख ३८ हजार माणसे नेली. त्यानंतर काही संशोधक वाचलेल्या कुटुंबांकडे गेले आणि एकच गोष्ट विचारत राहिले: पाणी आले तेव्हा घरातले कोण कुठे होते? विटांच्या किंवा काँक्रीटच्या इमारतीत पोहोचलेले सगळे वाचले होते. न पोहोचलेल्यांपैकी जवळपास २२ टक्के गेले. दहा वर्षांखालची मुले आणि चाळिशीपुढच्या स्त्रिया यांच्यात मृत्यूचे प्रमाण सर्वांत जास्त होते. म्हणजे नुसता इशारा देऊन भागत नाही, पक्की इमारत चालत पोहोचता येईल इतकी जवळ असावी लागते आणि तिथे जायला बायकांना घरातून मोकळीक असावी लागते. पुढच्या काळात निवारे वाढले, इशारा घरोघर पोहोचवणारे स्वयंसेवक वाढले. २००७ च्या सिद्र वादळातही काही हजार माणसे गेली, पण आकडा लाखावर गेला नाही.

त्याच देशात लहान मुले बुडण्याचा अभ्यास झाला तेव्हा कळले की एक ते चार वर्षांची मुले प्रामुख्याने सकाळी, आई कामात गुंतलेली असताना, घराजवळच्याच पाण्यात बुडतात. मग त्याच वेळेपुरती सांभाळघरे काढली गेली. तिथे जाणाऱ्या मुलांत बुडण्याचा धोका ८० टक्क्यांहून जास्त घटला. ‘पालकांनी लक्ष द्यावे’ असे लिहिणाऱ्याने हे जरूर वाचावे. आईला दुसरे दोन हात कुणी देत नव्हते, ते दिले.

विषबाधेच्या केसपेपरावरही आम्ही नुसते ‘विषप्राशन’ लिहीत असू. सोबतच्या नातेवाईकाच्या पिशवीत कित्येकदा बाटली असायची, पण तिच्यावरचे नाव उतरवायला फॉर्मवर जागा नव्हती. श्रीलंकेने १९९५ पासून अतिघातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, आणि नंतरच्या बंदीत कशाचा समावेश करायचा हे ठरवताना कोणत्या कीटकनाशकाने किती रुग्ण दगावतात याच्या रुग्णालयीन नोंदी कामी आल्या. पुढच्या दोन दशकांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. पीक घटल्याचे दिसले नाही. त्या क्षणी हाताशी काय आहे यावर किती जीव अवलंबून असतात, हे यातून कळते.

आता यावर येणारा आक्षेप मला पाठ आहे: कॅज्युअल्टीत एवढे विचारायला वेळ कुणाला? रक्त वाहत असताना कुणी विचारू नये, हे खरेच. पण निम्म्याहून जास्त गर्दी टाके आणि एक्स-रेसाठी थांबलेली असते, आणि सोबतचा माणूस खिडकीपाशीच घुटमळत असतो. त्याला बोलायचेही असते. ‘कुठल्या पायरीवर?’ एवढे विचारले की तो पायरी, तिथला गेलेला दिवा, मागच्या महिन्यात त्याच पायरीवर पडलेला शेजारी, सगळे सांगतो. हेल्मेट होते की नव्हते, यासाठी तर खूण करायचा एक चौकोन पुरतो. हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा ६९ टक्क्यांनी कमी होतो हे माहीत असूनही आमच्या फॉर्मवर तो चौकोन नव्हता.

एका बाबतीत मात्र घाई नको. जिन्यावरून पडले असे सांगणारी बाई, आणि जखमा दोन्ही हातांच्या बाहेरच्या बाजूला. माणूस पडताना तळहात टेकतो. वार अडवताना हात कोपरापासून पुढे येतात. आमच्या एक जुन्या सिस्टर अशा वेळी सोबतच्या पुरुषाला कसलीतरी चिठ्ठी देऊन दूरच्या खिडकीवर पाठवत आणि मग पडदा ओढून हळूच विचारत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनाही साधारण हेच सांगतात: येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला सरसकट विचारू नका, जखमा पाहून शंका आली तर विचारा, पण ती एकटी असतानाच. जगात दर तीन स्त्रियांमागे एकीच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा येते, असा याच संघटनेचा अंदाज आहे. अशी नोंद फाइलच्या वरच्या पानावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवायची नसते. केसपेपर तिच्याबरोबर त्याच घरी जाणार असतो. रकाने वाढवा म्हणणाऱ्यांनी कुलूपही मागितले पाहिजे.

आपल्या वर्तमानपत्राकडून माझी अपेक्षा छोटी आहे. बातमीदार पोलीस ठाण्यात किंवा रुग्णालयात फोन करतो तेव्हा मृताचे नाव, गाव आणि वय विचारतोच. त्याने पुढे एवढे विचारावे: नेमकी जागा कोणती, वेळ काय, लागले कशाने, आणि त्याच जागी आधी कुणाला लागले होते का. जखमी माणसाचे नाव गाळले तरी चालेल, जागेचे गाळू नये. पलीकडून उत्तर मिळाले नाही तर बातमीत ‘याची नोंद ठेवलेली नाही’ असे स्पष्ट छापावे, आणि नोंद का नाही याचा खुलासा दुसऱ्या दिवशी मागावा.

आपली,
एक वाचक
(निवृत्त वैद्यकीय नोंदणी लिपिक)