हॅशसकट आभार

आदरणीय आप्पा,

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही विषय केळीच्या भावावर नेता. म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांसमोर.

मे महिन्यातला तो आठवडा तुम्हाला माहीत आहे. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीबागांची उपग्रहचित्रं, पुण्याच्या सर्व्हरवर चौदा तासांचं गणित, आणि मी इकडे फैजपुरात. संध्याकाळ झाली की वावधन सुटायचं, लाईट जायची, नेट तुटायचं आणि त्याबरोबर गणितही मरायचं. सात वेळा मेलं. एकदा तर साडेबारा तास झाल्यावर.

त्याआधी मी कोणाकोणाला विचारलं नाही? एका सीनियरने सांगितलं, इन्व्हर्टर घे. घेतला. घरातला पंखा फिरत राहिला, नेट मात्र टॉवरवरूनच गेलं. दुसरा म्हणाला, पुण्यात रूम घे, गावाकडून असली कामं होत नसतात. ज्या क्लासची फी मी दोन हप्त्यांत भरली होती, तिथल्या सरांनी तर 'टर्मिनल (म्हणजे लेखी आज्ञा टाइप करायचा काळा पडदा) आता कोण वापरतं?' एवढंच विचारलं. तेही मेसेजला तीन दिवसांनी उत्तर देताना. गंमत अशी की या सगळ्यांना टीमक्स माहीत होतं, म्हणजे नेट तुटलं तरी सर्व्हरवरचं काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम. पुढे मी सांगायला गेले तर 'अगं हो, ते तर बेसिक आहे' म्हणाले. बेसिक होतं तर तोंड कशाला शिवलं होतं, हे विचारायचं राहून गेलं. आता विचारते.

तुम्ही माझ्या मैत्रिणीचे चुलते. नाशिकच्या सर्व्हर रूममध्ये रात्रपाळ्या काढून, नोकरी सोडून तापीकाठी केळी लावणारा माणूस, एवढीच ओळख. तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, 'मोटर कुठे असते?' मी म्हटलं, विहिरीवर. 'मग तू बांधावरून घरी आलीस म्हणून ती बंद पडते का?'

एसएसएच, म्हणजे लॅपटॉपवरून सर्व्हरशी जोडणारा दुवा, तुटलं की शेलला, म्हणजे तिथे आपल्या आज्ञा ऐकणाऱ्या प्रोग्रॅमला, फोन ठेवल्याचा इशारा जातो आणि त्याच्या हाताखालचे प्रोग्रॅमही बंद पडतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. टीमक्स तिकडे सर्व्हरवरच बसून काम सांभाळतं, आपल्या लॅपटॉपवर दिसते ती फक्त बघायची खिडकी, हे मात्र मला त्या मोटरीमुळे कळलं. आणि लगेच दुसरी गोष्टही तुम्ही सांगितलीत, जी हौशी लोक सांगत नाहीत: विहिरीवरचीच लाईट गेली, म्हणजे सर्व्हरच रीस्टार्ट झाला, तर टीमक्सही गेलं. म्हणून गणित मधे मधे फाइलमध्ये उतरवत राहायचं.

तुमची बोटं अजून जुन्या 'स्क्रीन'चीच, टीमक्ससारखंच काम करणाऱ्या १९८७ सालच्या प्रोग्रॅमची. त्याच्या सवयीने कंट्रोल-ए दाबायचात, मग टीमक्सला कंट्रोल-बी लागतं म्हणून स्वतःवरच चिडून 'बी, बी' म्हणायचात. टीमक्स २००७ मध्ये निकोलस मॅरियट यांनी लिहायला घेतलं, तरी वीस वर्षांची सवय अशी थोडीच जाते!

पण मला लिहायचंय ते त्या रात्रीबद्दल. आठवा प्रयत्न. टीमक्समधलं 'केळी' नावाचं सेशन, म्हणजे सर्व्हरवर चालू ठेवलेलं काम, आपण दोघांनी अटॅच केलेलं, म्हणजे आपापल्या पडद्यावर उघडलेलं, तुम्ही तुमच्या घरून, मी माझ्या. खिडकी आडवी दुभागलेली. वर गणित, खाली रिकामं शेल. पावणेअकराला लाईट गेली, नेट गेलं. आई कळण्याच्या भाकरीचं ताट झाकून कधीच निजली होती. मी अंधारात लॅपटॉपकडे बघत बसले. हात लावायचीही भीती वाटत होती. अर्ध्या तासाने मोबाइलला एक दांडी रेंज आली. जोडलं, अटॅच केलं. वर आकडा चालत होता, ६१ टक्के. आणि खालच्या भागात इंग्रजी अक्षरांत (टर्मिनलमध्ये मराठीच्या काना-मात्रा विस्कटतात ना) एक ओळ होती:

# जेवन व्हयनं का?

मी पोटभर रडले, मग जेवले.

ती ओळ तुम्ही लिहिलीत, याचं अप्रूप आहेच. पण मला जास्त लागून राहिलाय तो हॅश, # हे चिन्ह. ओळीच्या आधी हॅश असला की शेल तिला आज्ञा समजत नाही, सोडून देतं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, हॅश कशाला? तुम्ही म्हणालात, 'तू घाबरलेली. घाबरलेलं माणूस आधी एंटर दाबतं.' खरं तर हॅश नसता तरी बिघडलं काय असतं? फार तर 'अशी कमांड सापडली नाही' असं आलं असतं. पण त्या रात्री पडद्यावर चुकीची एक ओळ जरी उमटली असती, तरी मी लॅपटॉप मिटून टाकला असता. तुम्ही हे ओळखलंत. तेही दिवसभर बागेत राबून, पडलेल्या केळीला टेकू देऊन आल्यावर.

हुशार माणसं मला शिक्षणात बरीच भेटली. समोरच्याचं बोट कुठे चुकेल याचा आधीच विचार करून ठेवणारं माणूस मात्र मी शेतकऱ्याच्या घरीच पाहिलं. तुमचं ज्ञान मोठं की ही रीत, हे मला ठरवता येत नाही, आणि ठरवायचंही नाही.

गणित सकाळी पूर्ण झालं, हे तुम्हाला ठाऊक आहे. 'केळी' सेशन मात्र मी अजून बंद केलेलं नाही, हे ठाऊक नसेल. येत्या रविवारी सर्व्हर रीस्टार्ट होणार असं कळलंय. त्याआधी एकदा अटॅच करा. तुमच्या ओळीखाली उत्तर लिहून ठेवलंय. हॅशसकट.

तुमची,
फैजपूरची लेक