मांदेली, रताळं आणि एक कोरडी पोळी

चरई, ठाणे (पश्चिम)
गणपती विसर्जनानंतरचा रविवार

प्रिय मेघना,

तुझा व्हॉइस मेसेज मुलं झोपल्यावर दोनदा ऐकला. चिन्मय चौदा महिन्यांचा झाला आणि तुला त्याला पॅलिओ पद्धतीनं वाढवायचंय. म्हणजे धान्य नाही, डाळी नाहीत, दूध नाही, साखर नाही. "तू केलंयस, सगळं नीट लिहून पाठव," म्हणालीस. फोनवर हे धड सांगून झालं नसतं, म्हणून लिहायलाच बसले. काय जमलं ते सांगते आणि काय चुकलं तेही.

माझी ओवी तेव्हा चार वर्षांची होती. सकाळी दुधात चॉकलेटची पावडर, अकराला बिस्किटं, संध्याकाळी नूडल्स, आणि जेवायला बसवलं की तोंड फिरवायची. एका रात्री केराच्या डब्यात तिच्या एकटीच्या खाऊची चार वेष्टनं निघाली आणि मला अक्षरशः रडू आलं. मग वाचत सुटले. माणूस शेती करायला लागून फार तर दहा-बारा हजार वर्षं झाली, त्याआधी लाखो वर्षं शिकार, मासे, कंदमुळं, फळं हेच अन्न, म्हणून तेच आपल्या शरीराला मानवतं. 1985 मध्ये बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या अमेरिकन संशोधकांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात हा विचार मांडला आणि तिथून तो जगभर गेला. मला तो पटला. एका शनिवारी तांदूळ, कणीक, डाळींचे डबे वरच्या फळीवर गेले आणि ओवीचं दूध बंद झालं.

आमच्या आई तेव्हा जे बोलल्या ते मी ऐकायला हवं होतं. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हे तुला माहीतच आहे. अळू, माठ, सुरण, लाल भोपळा, पडवळ, मक्याची कणसं, सगळं एकत्र शिजवलेलं. नांगराआधीचं अन्नच की ते! मी उत्साहानं त्यांना म्हटलं, "बघा, आपल्याकडे आधीपासून आहे." त्या शांतपणे म्हणाल्या, "वर्षातून एक दिवस आहे गं, आणि तेही मोठ्या बायकांनी धरायचं. वाढत्या पोरीला कशाला?"

दोन महिने रेटलं. मग एका दुपारी ओवी घरात दिसेना. शेजारच्या काकूंकडे गेले तर ती त्यांच्या ओट्याखाली मांडी घालून बसली होती. हातात सकाळची कोरडी पोळी, वर काही लावलेलं नाही, भाजीही नाही. मला पाहिलं आणि तिनं पोळीचा हात हळूच पाठीमागे नेला. तोंडातला घास तसाच, ना चावत होती ना गिळत होती. मेघना, माझं मूल पोळी चोरून खात होतं आणि मला घाबरत होतं. तो हात मागे जाताना अजून दिसतो मला.

त्याच आठवड्यात मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन महिन्यांत तिचं वजन जागचं हललं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "दूध बंद केलंत, मग कॅल्शियम कशातून देताय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या 2020 च्या तक्त्यात एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज 500 मिलिग्रॅम आणि चार ते सहाच्या मुलाला 550 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं दिलंय. एका कपभर दुधात त्यातलं जवळपास निम्मं मिळतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे दूधही बंद आणि नाचणीही बंद केली, तर ती भर कुठून काढायची हे आधी ठरवायला हवं. मी ठरवलं नव्हतं.

नंतर आणखी एक वाचलं आणि माझा उरलासुरला हट्ट गेला. जॉर्डनच्या ईशान्य भागात चौदा हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या चुलींत भाकरीचे जळके तुकडे सापडलेत. 2018 मध्ये ते प्रसिद्ध झालं. शेती सुरू होण्याच्या सुमारे चार हजार वर्षं आधी माणसं रानटी धान्य दळून भाजून खात होती! त्या काळातल्या एखाद्या लेकरानंही गरम तुकड्यासाठी हात पुढे केला असेलच ना.

म्हणून आता आमच्याकडे वरण-भात आहे, नाचणीची भाकरी आहे, दूध-दही आहे. पण पॅलिओतलं जे खरंच चांगलं होतं ते मी सोडलेलं नाही, आणि तुलाही तेच घे म्हणेन. पुडे घरात येत नाहीत. सकाळी तुपातलं ऑम्लेट, भरपूर कोथिंबीर घालून. चारच्या भुकेला उकडलेलं रताळं, थोडं तूप, चिमूटभर मीठ. धाकटा अर्णव अडीच वर्षांचा आहे, तो रताळं हातात धरून साल सोलत सोलत खातो, अर्धं अंगाला फासतो, पण संपवतो. गोड हवं असेल तर वसईची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी. सुरण चिंच घालून नीट शिजवायचा, नाहीतर घशाला खाजतो. जेवताना सोलकढीची वाटी असतेच.

आणि मासे! जून-जुलैची बंदी, मग श्रावण, मग गणपती. इतके दिवस थांबून काल चेंदणी कोळीवाड्याच्या मावशीकडून मांदेली आणली. हळद, तिखट अगदी कमी, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर इतकी कडक केली की ओवीनं काट्यासकट कुरकुरीत खाल्ली. कॅल्शियम त्या काट्यांतच आहे. अर्णवला मात्र मी बोंबील देते, मधला काटा काढून, बोटांनी चाचपून. चिन्मयलाही मासा असाच दे, प्रत्येक घास स्वतः चाचपल्याशिवाय नको. सुरमईसारख्या माशांपेक्षा छोटे मासे जास्त वेळा घे, मोठ्या माशांत पारा साठतो. कलेजी महिन्यातून एक-दोनदा, तीही चमचा-दोन चमचे. त्यात लोह खूप आहे, पण अ जीवनसत्त्वही इतकं की लहान मुलाला जास्त देऊ नये.

बदाम, अक्रोड अख्खे देऊ नकोस, पाच वर्षांपर्यंत तरी नाही. घशात अडकतात. पूड करून शिऱ्यासारखं शिजवलेल्या भोपळ्यात घाल. मधाचं तू विचारलं होतंस. वर्षाच्या आत तो अजिबात चालत नाही. चिन्मयचं ते वय उलटलंय, तरी त्याला आत्ता गोडाची गरज काय?

वरणाचं पाणी, मऊ भात, दही हे त्याचं बंद करू नकोस. तुमच्या घरच्या काकू त्याला भात भरवतात म्हणून तुझं त्यांच्याशी वाजतंय, ते थांबव. त्यांच्या हातचा भात त्याला आवडतो, खाऊ दे.

पुढच्या शनिवारी आमच्या ह्यांचं नाशिकला काम आहे. त्यांच्याबरोबर अलिबागचा सुका जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, आणि चार सुकेळी पाठवते. जवळा खारट असतो, दोनदा पाण्यातून काढ, कोरडा भाज, मिक्सरला बारीक पूड कर. पहिल्या दिवशी भातात चिमूटभरच घाल आणि अंगावर काही उठत नाही ना ते बघ. दोन दिवस ठीक गेले की हळूहळू वाढव. डबा परत पाठवायची घाई करू नकोस, दिवाळीत तू आलीस की घेईन.

तुझी,
वैशाली