आठही दिवे लागलेले असताना वायरचं टोक कापणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

एक नेट आणि दोन कॉम्प्युटर, मागणी एवढीच होती. त्यासाठी तुमच्याआधी जे येऊन गेले त्यांचे सल्ले आठवले की अजून डोकं तापतं. एक म्हणाला, दुसरं कनेक्शन घ्या. दुसरा म्हणाला, प्लॅन वाढवा. जणू जास्त पैसे भरले की भिंतीतली वायर आपोआप सुधारते. तिसऱ्याने आतल्या खोलीत राउटर ठेवला, हॉलमधून आलेली केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचं नेट आत घ्यायच्या खाचेत, खुपसली आणि ‘आलं नेट’ म्हणून पैसे घेऊन गेला. आलं होतं, खरंय. पण नेटवर्कवरचे पत्ते पाहिले तर हॉलमधला कॉम्प्युटर १९२.१६८.१ च्या पट्ट्यात आणि आतला १९२.१६८.० च्या. आतल्या राउटरने आपलं वेगळंच नेटवर्क थाटलेलं. वेबसाइट दोन्हीकडे उघडायच्या, पण हॉलमधून आतला प्रिंटर सापडायचा नाही आणि शेअर केलेलं फोल्डरही दिसायचं नाही.

तुम्ही नवीन काहीच विकत घ्यायला लावलं नाहीत. तोच राउटर आधी एकटा कॉम्प्युटरला जोडून त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केलात, मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे जोडलेल्यांना आपोआप पत्ते वाटायचं काम, बंद केलंत, आणि त्यानंतरच हॉलची केबल लावलीत, तीही लॅन पोर्टमध्ये, म्हणजे घरातली यंत्रं जोडायच्या खाचेत. वॅन पोर्ट रिकामा. हॉलच्या डब्यातले, म्हणजे तिथल्या मुख्य राउटरमधले, वाटायचे पत्ते १० पासून सुरू केलेत, म्हणजे २ हा आकडा चुकून दुसऱ्या कुणाला जायला नको. हा क्रम महत्त्वाचा आहे. डीएचसीपी चालू ठेवून केबल जोडली असती तर दोन्ही डब्यांनी पत्ते वाटले असते. ज्याला आतल्या डब्याने पत्ता दिला त्याला बाहेर जायचा रस्ताच मिळाला नसता. मग सकाळी नेट आहे, दुपारी नाही, आणि दोष मात्र कंपनीच्या माथी.

इथवरचं काम नीट शिकलेला कुणीही करेल. हे पत्र लिहायचं कारण त्यानंतरचं आहे.

दोन्ही कॉम्प्युटर चालू झाले होते. तुमचे पैसे झाले होते. भिंतीतल्या केबलला तुम्ही टेस्टर लावलात, तर १ ते ८ दिवे, आठ तारांचे आठ, ओळीने लागले. तरी तुम्ही टोकाचा कनेक्टर डोळ्यांजवळ धरून पाहिलात आणि ‘हे चालतंय, पण टिकायचं नाही’ म्हणत कात्रीने टोक उडवलंत. मग दुसऱ्या खोलीत जाऊन तिथलंही.

आधीच्या माणसाने रंग दिसतील तसे जोडीजोडीने बसवले होते: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, मग तपकिरीची जोडी. दोन्ही टोकांना सारखंच, म्हणून टेस्टर खूश. पण त्या साध्या टेस्टरला एवढंच कळतं की तार इथून तिथे पोचली. सिग्नलची एक जोडी कनेक्टरच्या ३ आणि ६ नंबरच्या पिनांवर असते, आणि या दोन पिनांवर एकमेकींशी पीळ असलेल्या तारा लागतात. पिळामुळे बाहेरचा गोंधळ दोन्ही तारांवर सारखा चढतो आणि पलीकडे वजा होतो. इथे ३ वर हिरव्या जोडीतली तार आणि ६ वर निळ्या जोडीतली. पीळ असून नसल्यासारखा. केबल तोकडी असली की असं प्रकरण कसंबसं रेटतं. लांबी वाढली, वेग वाढला की चुका वाढतात, लिंकचा वेग सेकंदाला १००० मेगाबिटवरून १०० वर घसरतो किंवा लिंक मध्येच तुटते.

तुम्ही पांढरा-हिरवा तिसरा ठेवलात, त्यानंतर निळा, पांढरा-निळा, आणि हिरवा सहावा. पीळही जेमतेम अर्धा इंच उकललात. बरेच जण दोन-दोन इंच उकलून ठेवतात, कारण तारा सरळ करायला सोपं जातं. वर दोन्ही टोकांना वीतभर वायर जास्तीची ठेवलीत, पुढे कुणाला कनेक्टर बदलावा लागला तर केबल अपुरी पडू नये म्हणून.

पैसे विचारले तर फक्त दोन कनेक्टरचे सांगितलेत. ती चूक तुमची नव्हती. न बोलता निघून गेला असतात तर कुणाला पत्ता लागला नसता. पुढे कधी नेट तुटलं असतं तर आणखी कुणी येऊन राउटर बदलायला सांगितलं असतं. भिंतीच्या आतलं, झाकलं जाणारं काम नीट करणारी माणसं आहेत, पण त्यांना कुणी रेटिंग देत नाही. रेटिंग मिळतं ते पाच मिनिटांत उरकून जाणाऱ्याला.

आता सेटिंगमध्ये दोन्ही कॉम्प्युटरचा लिंक स्पीड १०००/१००० दिसतो, आणि प्रिंटर दोन्हीकडून चालतो. मनापासून आभार.

एक काम मात्र तुमच्या मागे लागणार आहे. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडची केबलही त्याच आधीच्या माणसाच्या हातची आहे. तुमचा नंबर त्यांना दिलाय. टेस्टरवर आठही दिवे लागतील तिथे. कात्री आणि चार-सहा कनेक्टर घेऊनच या.